विनापरवाना

लष्कर, ग्वाल्हेर
२ डिसेंबर १९३९

ताई,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. तुकोजी तुझ्याकडे पुण्याला आला आहे का, एवढं आधी कळव. परवा सकाळी तो घर सोडून गेला. त्याला मुंबईच्या गाडीत बसताना स्टेशनावर कोणी पाहिलं, म्हणून मला तुझं घर आठवलं. त्याची आई गेल्यापासून त्याला आत्याशिवाय दुसरं आहे तरी कोण?

काय झालं ते सांगतो. माडीवरच्या खोलीत त्याने बिनतारी संदेश धाडण्याचं यंत्र बनवलं होतं, हे तुला ठाऊक आहेच. कॉलेज सुटलं की हा वर. तासन् तास कट्ट-कट्ट चालायची. एकदा खाली येऊन म्हणाला, "बाबा, कोलंबोचा तो मास्तर बुखारने पडला आहे बिचारा." मला हसू आलं. कुठलं कोलंबो, कुठला मास्तर! पण पोराचा चेहरा असा होता जणू शेजारचंच कोणी आजारी आहे.

परवान्यासाठी त्याने दोन वर्षांमागे दरखास्त दिली होती. ती दरबारच्या दफ्तरातून रेसिडेन्सीत गेली, तिथून दिल्लीला. दिल्लीहून विचारणा आली, यंत्राची शक्ती किती. उत्तर गेलं. मग विचारणा आली, मुलाचा बाप कोण, आजा कोण. तेही गेलं. परवाना मात्र आला नाही. याने वाट पाहिली नाही, यंत्र सुरू केलं.

तेवढ्यात विलायतेत लढाई पेटली आणि हुकूम निघाला की संदेश धाडण्याचं यंत्र कोणाही खाजगी माणसाने ठेवू नये, ज्यांच्याजवळ परवाना आहे त्यांनीसुद्धा पंधरा दिवसांत जमा करावं. तुकोजी म्हणाला, "करतो जमा. आधी सगळ्यांचा निरोप तर घेऊ द्या." निरोप घेता घेता पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी पोलीस आले.

यंत्र नेलं ते नेलं, त्यालाही नेलं. तीन दिवस कोतवालीत ठेवला. परत आला तेव्हा ओठ फुटलेला होता. कॉलेजातून नाव काढलं. घरी येऊन दोन दिवस एक शब्द बोलला नाही, तिसऱ्या दिवशी गेला.

खबर कोणी दिली ते कळलेलं नाही. आळीत सगळे महिपतरावांचं नाव घेतात. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, दाल बाजारात धान्याचं दुकान. त्यांच्याकडे परवान्याचा रेडिओ आहे, आणि याचं यंत्र चाललं की त्यांच्या गाण्यात खरखर येते, अशी त्यांची नेहमीची तक्रार असे. मी त्यावर काही बोललो नाही.

लवकर कळव.

तुझा
मानसिंग


पुणे
९ डिसेंबर १९३९

मानसिंग,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात निम्मे शब्द हिंदी असतात, तरी सगळं कळलं. तुकोजी इथे आहे. जेवतो, झोपतो, पण बोलत नाही. ओठ बरा होतो आहे. मी हळद लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे आत्या, जखम लहान आहे."

तू बापाच्या काळजाने विचारलंस म्हणून सांगते. त्याने फौजेत नाव घातलं आहे, सिग्नलच्या पलटणीत. मी म्हटलं, असं घाईने का रे? तर म्हणतो, "आत्या, या देशात फौजेशिवाय दुसऱ्या कोणाला यंत्रावर बोटं चालवायची परवानगी नाही. तिथे तरी कोणी हात धरणार नाही."

मी महिपतरावांच्या नावाने दोन शब्द बोलले तर ताटावरून उठून गेला. माझ्या मनाला ते लागलं. ज्याने एवढं वाटोळं केलं त्याला शिव्या दिलेल्याही त्याला चालत नाहीत.

वीस तारखेला तो जबलपूरला जाणार. तू ये. भांडण असेल ते असो, बापाने गाडीत बसवून द्यावं. आमच्या यांनीही तेच सांगितलं आहे. विश्वासराव कधी कोणाच्या मध्ये पडत नाहीत, ते तर तुला ठाऊक आहे.

ताई


लष्कर, ग्वाल्हेर
२६ डिसेंबर १९३९

ताई,

यायचं होतं. बुखार चढला, राहून गेलं. आता तो गेलाही असेल. फौजेत गेला यात वाईट नाही, आपल्या घरात तीन पिढ्या तेच करत आल्या. त्याला म्हणावं, पत्र लिही. मला नाही तर तुला तरी.

मानसिंग


पुणे
९ एप्रिल १९४२

मानसिंग,

मन घट्ट करून वाच. काल फौजेच्या दफ्तरातून कागद आला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं त्यानंतर तुकोजीचा पत्ता नाही. 'बेपत्ता' असं लिहिलं आहे, मेला असं नाही. कागद माझ्या नावाने आला. जवळचा नातेवाईक म्हणून त्याने माझं नाव दिलं होतं. त्याचा राग धरू नकोस, आणि धरलास तर माझ्यावर धर.

सव्वादोन वर्षांत त्याने मला अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकात 'बाबा कसे आहेत' हे असायचंच. मी तुला ते कळवत गेले आणि तू दर वेळी 'ठीक आहे म्हणून लिही' एवढंच लिहीत गेलास. तुम्ही दोघं एका हाडामांसाचे आहात, दुसरं काय म्हणू!

आणखी एक गोष्ट ऐकली. आमच्या शेजारी उषाताई राहतात. त्यांचा भाऊ मलायात होता, तोही बेपत्ता. गेल्या आठवड्यात त्यांना कोणा अनोळखी माणसाचं पत्र आलं की तुमच्या भावाचं नाव शत्रूच्या रेडिओवर ऐकलं. ते लोक म्हणे कैद्यांना यंत्रापुढे उभं करतात आणि घरी निरोप सांगू देतात. आमचा रेडिओ लहान, मुंबईपलीकडचं काही पकडत नाही. तिकडे तुला काही जमतं का बघ. चांगला रेडिओ घे, परवाना काढ. संध्याकाळी लावून बसायचं म्हणजे झालं.

ताई


लष्कर, ग्वाल्हेर
२८ जून १९४२

ताई,

तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी परवान्याची दरखास्त घेऊन गेलो. पहिल्यांदा म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. मग म्हणाले, पोलिसांची तहकिकात व्हायची आहे. असे दोन महिने गेले. परवा आतल्या बाबूने मला बोलावून जुन्या कागदांचा बस्ता उघडला. म्हणाला, "या घरातून एकोणचाळीस साली बिनपरवाना यंत्र पकडलं आहे. या घराला परवाना मिळणार नाही."

मी म्हटलं, "माझा मुलगा सरकारच्या फौजेत आहे. शत्रूच्या कैदेत असेल. त्याचा आवाज ऐकायचा आहे."

तो म्हणाला, "शत्रूचा रेडिओ ऐकायला परवाना मागता, आणि तोही मलाच सांगून?" मग कागद उलटता उलटता थांबला. "मानसिंगराव, खबर देणाऱ्याची सही तर तुमचीच आहे."

ताई, होय. माझीच आहे.

अडीच वर्षं हे पोटात ठेवलं. अठ्ठावीस वर्षं मी रिसाल्यात काढली. गोरखीच्या, जुन्या राजवाड्याच्या, दरवाजावर हुकूम चिकटलेला वाचला की माझी पाठ आपोआप ताठ होते. पंधरावा दिवस संपला आणि मला वाटलं, आता हे यंत्र कोणी दुसऱ्याने पकडून दिलं तर पोरगा हेर ठरेल. त्यापेक्षा बापाने स्वतः कळवलेलं बरं. यंत्र नेतील, पोराला समज देतील, माझ्या नोकरीकडे पाहून सोडतील. असं वाटलं म्हणून लिहिलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं, शिरस्त्याप्रमाणे. पोलीस त्याला दंडाला धरून जिन्यावरून उतरवत होते तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की मी कळवलं. मी म्हटलं, "हुकूम आहे, जा."

आणि नंतर आळीने महिपतरावांचं नाव घेतलं, ते मी घेऊ दिलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आळीतली पाच घरं गेली नाहीत. मीही गेलो नाही.

परवाना नाकारला त्या संध्याकाळी मी त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिलो. अडीच वर्षांनी. म्हटलं, "तुमच्या रेडिओपाशी रोज घटकाभर बसू द्या." त्यांनी आधी आळीत दोन्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शत्रूचं स्टेशन एकट्याने ऐकलं तर कोणी विचारत नाही. दुसऱ्याला ऐकवलं तर मला जेल आहे, मानसिंगराव. हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि माझ्याबद्दल काय बोललं जातं तेही ठाऊक आहे?"

मी मान खाली घातली. खरं सांगायची हीच वेळ होती, पण सांगितलं असतं तर त्यांनी दार लावलं असतं. मी गप्प राहिलो. त्यांनी चप्पल बाजूला सारली आणि म्हणाले, "आत या. चाय घेता?"

पुन्हा तेच केलं मी, ताई. तू तरी मला काही बोल.

मानसिंग


पुणे
७ जुलै १९४२

मानसिंग,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. यांना दाखवलं नाही. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की टाक शाईत बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

आता मला एक शपथ मोडायची आहे. मोडणार होतेच कधीतरी, आज मोडते.

तुकोजीला ठाऊक होतं.

कोतवालीत पहिल्याच दिवशी ठाणेदाराने तुझा कागद त्याच्यापुढे धरला. "तुझा बापच सांगतो, आणि तू नाही म्हणतोस?" असं विचारून मारलं. तोवर तो दुसऱ्याचंच यंत्र आहे असं सांगत होता. तुझं अक्षर पाहिलं आणि म्हणाला, "होय, माझं आहे."

मला हे त्याने जबलपूरला जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, मग बापाला तोंडावर का विचारलं नाहीस? तर म्हणाला, "आत्या, मी दोन दिवस वाट पाहिली. वाटलं, ते आपणहून सांगतील. नाही सांगितलं. मी विचारलं असतं तर त्यांना माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. बाबांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. त्यांना कळू देऊ नकोस की मला माहीत आहे." आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

तू गाडीवर येशील म्हणून तो स्टेशनावर शेवटपर्यंत खाली उभा होता. गाडी हलली तेव्हा चढला.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तो तुझ्यावर रागावलेला नव्हता, हे तुला कळावं म्हणून लिहिते. महिपतरावांना मात्र खरं सांग. आजच सांग. पत्र खाली ठेव आणि जा.

ताई


लष्कर, ग्वाल्हेर
१८ ऑक्टोबर १९४२

ताई,

तुझं पत्र खाली ठेवलं आणि गेलो. महिपतराव दुकानातून नुकतेच आले होते, पाय धूत होते. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. खबर देणारा मी नव्हतो, हे मला तर ठाऊक होतं ना! मग उरलं कोण?" त्यांच्या घरातून रडण्याचा आवाज आला. लग्नाला कोणी आलं नाही त्याचं दुःख होतं ते, त्यांच्या बायकोचं. मी दारातूनच त्यांना हात जोडले. आळीत पाच घरी जाऊनही सांगून आलो.

मला वाटलं, आता रेडिओ बंद. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच भिंतीवर थाप मारली.

महिना-सव्वा महिना असे आम्ही दोघे बसलो. खिडक्या लावून, वर घोंगडी टाकून, त्या पेटीला कान लावून. ते लोक नावं सांगत. कोणी पंजाबी, कोणी मद्रासी. कधी पोरं स्वतः बोलत, घाबऱ्या घाबऱ्या, "मी खुशाल आहे, चिंता करू नका." मी प्रत्येक आवाज त्याचाच असेल असं धरून ऐकायचो. महिपतराव वहीत नावं लिहून घेत आणि ज्याचा पत्ता ऐकू आला त्याच्या घरी कार्ड टाकत. सही करत नसत.

ऑगस्टात गांधींच्या लोकांची धरपकड झाली आणि इकडेही सख्ती वाढली. कोणी सांगितलं, कसं कळलं, देव जाणे, पण एका दुपारी महिपतरावांच्या घरी पोलीस आले आणि रेडिओला मुहर लावून गेले. जेल चुकली. मी दारात उभा होतो. महिपतराव माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही नाही, ते ठाऊक आहे मला." ते हसून म्हणाले, पण मला हसता आलं नाही.

त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी तुकोजी बोलला.

मला नागपूरहून एक कार्ड आलं, धरपकडीच्या गडबडीत डाक अडकली होती, ते परवाच हाती पडलं. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. जसंच्या तसं उतरवतो. "काल सायंकाळी ऐकले. तुकोजी काटकर, गोरखीजवळ, लष्कर, ग्वाल्हेर. म्हणाले की मी जिवंत आहे, जेवण मिळते. पुण्याच्या आत्याला नमस्कार. बाबांना सांगावे की. यापुढे खरखर फार झाली, शब्द कळले नाहीत. माफी असावी. आवाज तरुण व स्वच्छ होता."

बाबांना सांगावे की. त्यापुढे काय ताई? भिंतीपलीकडे रेडिओ होता, बारीकसारीक पकडणारा. खरखर निघावी म्हणून महिपतरावांनी छतावर नवी तार बांधली होती. मुहर नसती तर मला ऐकू आलं असतं. बाकी काही नाही तर आवाज तरी.

जिवंत आहे, हे मोठं आहे. ते धरून राहतो. तूही धर.

मानसिंग


पुणे
११ नोव्हेंबर १९४५

मानसिंग,

यांना तुझ्याकडे पाठवत होते, पण यांना प्रवास झेपणार नाही, म्हणून कागदावरच सांगते. फौजेचा कागद पुन्हा माझ्याच नावाने आला. आपला तुकोजी गेला. 'कैदेत असताना मृत्यू' एवढंच आहे. तारीख नाही, जागा नाही, कशाने ते नाही. त्याच्याबरोबरचे सुटून येतील तेव्हा अधिक कळेल, असं लिहितात.

आज एकटा राहू नकोस. महिपतरावांकडे जा.

ताई


लष्कर, ग्वाल्हेर
३ मार्च १९४६

ताई,

काल झाशीहून भालचंद्र टोकेकर नावाचा मुलगा मला भेटायला आला. मुलगा कसला, केस पिकले आहेत त्याचे, वय अठ्ठावीस. तुकोजीच्या छावणीत होता. दिवसभर राहिला. त्याने जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो.

सिंगापूरहून त्यांना जहाजात घालून दूर कुठल्या बेटावर नेलं. तिथे रस्ते करायचे, झाडं तोडायची. अन्न नव्हतं, दवा नव्हती. रोज कोणीतरी जायचं. भालचंद्र म्हणाला, "काका, मरणापेक्षा वाईट हे होतं की बाहेर काय चाललं आहे ते कळत नव्हतं. लढाई संपली का, आपल्याला कोणी शोधतंय का, काही नाही." तेव्हा तुकोजीने रेडिओ बनवला. पडलेल्या विमानाचे तुकडे, चोरून आणलेली तार, काय काय जमवून. पाण्याच्या बाटलीच्या तळात मावेल एवढा. रेडिओ ठेवणाऱ्याला तिथे मौतच होती, तसं बोर्डावर लिहिलेलं होतं. हा झाडं तोडताना मिळणाऱ्या सुट्टीत झुडपात बसून ऐकायचा आणि संध्याकाळी हळू आवाजात एकेकाला सांगायचा. कुठे पुढे सरकले, कुठलं शहर सुटलं. भालचंद्र म्हणतो, आम्ही त्या बातम्यांवर वर्षभर जगलो.

मग एकदा झडतीत बाटली सापडली. बराकीतल्या साठ जणांना उन्हात उभं केलं. कोणाची आहे, सांगा. कोणी बोललं नाही. दुपारपर्यंत उभे. दोघे कोसळले. मग त्यांच्या अंमलदाराने सांगितलं की आता दर दहावा माणूस बाहेर काढणार. तेव्हा तुकोजी पुढे आला. म्हणाला, "माझी आहे. मीच बनवली, दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं." त्याला तिथून घेऊन गेले. पुन्हा कोणी त्याला पाहिलं नाही.

साठ माणसं होती, ताई. साठच्या साठ जणांना ठाऊक होतं. कोण कुठला पंजाबी, कोण मद्रासी, कोणी त्याच्या रक्ताचा नाही. पोटात अन्न नाही, डोक्यावर ऊन, समोर बंदुका. एकानेही त्याचं नाव घेतलं नाही.

मी भालचंद्रला ते कार्ड दाखवलं. विचारलं, रेडिओवर बोलायला नेलं तेव्हा तू बरोबर होतास? नव्हता. ती वेगळी छावणी होती. पुढचे शब्द त्यालाही ठाऊक नाहीत. मग मी त्याला सगळं सांगितलं, कागद कोणी लिहिला तेही. त्याने ते कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाला, "तो तुमच्याबद्दल सांगायचा. घोड्यावर ताठ बसता ते. एवढंच सांगायचा."

भटजी तिथी विचारतात. माझ्यापाशी नाही. भालचंद्रला चव्वेचाळीस साल आठवतं, आणि एवढं की पाऊस उघडून आठ-दहा दिवस झाले होते. कैद्यांजवळ पंचांग कुठलं! भटजी म्हणतात, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला करा. मुलाचं श्राद्ध ठरवायला मी त्यांच्या घरी गेलो, आणि पायरीवरच बसून राहिलो. तू ठरव काय ते.

मानसिंग


पुणे
११ मार्च १९४६

मानसिंग,

चव्वेचाळीसचं पंचांग यांच्या कपाटात सापडलं. ते घेऊन मी बसले. पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवस म्हणजे आश्विन असेल, म्हणून बोट ठेवलं. मग मनात आलं, त्या बेटावर पाऊस कधी उघडतो हे मला कुठे ठाऊक आहे? पंचांग मिटून ठेवलं.

रविवारी पंजाब मेलने पोहोचते. भालचंद्रला बोलावून घे, मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे. महिपतरावांनाही सांग की मी त्यांच्या घरी येणार आहे, त्यांच्या मुलीसाठी लुगडं घेतलं आहे, उशीर झाला तरी.

तू लिहिलं नाहीस, पण मला वाचता आलं. मी तुला माफ करावं असं तुला वाटतं. ते माझं काम नव्हतं रे. ज्याचं होतं त्याने ते कोतवालीतून बाहेर पडायच्या आधीच करून टाकलं होतं. मी फक्त रडायला येते आहे. इथे यांच्या तब्येतीपायी चार महिने मला मोकळेपणी रडता आलेलं नाही.

ताई